एकोणीस बझर

उद्यमनगरात तिसऱ्या गल्लीत माझं लेथ.
छत्तीस वर्षं एकच काम केलं,
वाकडं आलेलं सरळ करून दिलं.
दहा मायक्रॉनची चूक
माझ्या अंगठ्याला अंधारातही कळते.

आणि ही नाझनीन मुल्लाणी, विद्यापीठातली,
स्कूटी बंद न करताच म्हणाली,
मामा, असा आरसा पायजे
जो सांगितला की वाकेल.
सेकंदाला दोनशे वेळा.

मी चहा मागवला.
म्हटलं, वाकडा आरसा जत्रेत मिळतो, वीस रुपये तिकीट.
ती हसली नाही.
समोरच्या फौंड्रीच्या धुराड्याकडं बोट केलं:
त्याच्या पलीकडचा खांब बघा, हलतोय?
खांब जागेवरच आहे, मामा. मधली हवा हलते.
ताऱ्याचंही तेच.
हवेनं जेवढा उजेड वाकवला
तेवढाच आरसा उलटा वाकवायचा, हवा बदलायच्या आत.
तयार मिळतो, पण लाखांत बोलतात.
माझ्याकडं नऊ हजार आहेत.

लक्ष्मीपुरीतनं बझर आणले,
रिक्षा मागं घेताना कोकलतात ना, तेच.
पितळेची चकती, वर पांढरा थर,
वीज दिली की केसाच्या शंभराव्या भागाइतकी फुगणारी.
नगाला सहा रुपये.
मधे एक, भोवती सहा, त्यांच्या भोवती बारा.
वर पापडाहून पातळ काच.
काचेला चांदी हुपरीच्या जिनगोंडा अण्णांची.
जन्मभर पैंजणं केलेला माणूस,
काच उजेडात फिरवून फिरवून बघितली
आणि पैसे परत सरकवले:
वाजत नाही त्याचे मी घेत नाही.

पहिला आरसा गोंदानं खाल्ला.
वाळताना आकसला
आणि चांदीवर एकोणीस खळगे, देवी येऊन गेल्यासारखे.
दुसरा माझ्या हातनं गेला. त्याबद्दल नको.
तिसरा टिकला, पण हट्टी.
ढकलला की जायचा,
सोडला की पहिल्या जागी यायचा नाही,
जरासा अलीकडंच थांबायचा.
नाझनीन म्हणाली, ह्याला नाव आहे,
मोजून वजा करता येतं.
मी काही बोललो नाही.
थोरल्या भावाशी बोलणं सुरू होऊन सात वर्षं झाली,
अजून त्याच्या दारात
चपला काढतो त्या रस्त्याकडं तोंड करून.

फेब्रुवारीतली रात्र, विभागाची गच्ची.
शिरोळीकडनं भट्ट्यांची ऊब येत होती.
माझ्या रिंगमध्ये बसवलेला आरसा, त्यावर पुनर्वसूतला वरचा तारा,
आणि लॅपटॉपच्या पडद्यावर
गुळाची काहील.
उकळतंय, फुटतंय, पुन्हा गोळा होतंय.
ह्याला तारा म्हणायचं?

चालू करते, ती म्हणाली.

आणि आरसा वाजायला लागला.
बारीक, कानाच्या आत कुठंतरी,
एकोणीस जण ओठ मिटून गुणगुणल्यासारखे.
बझरच ते. दुसरं काय करणार?
काहील निवत गेली.
मधोमध एक ठिपका,
मग ठिपक्याला कंबर आली,
मग दोन.
दोन वेगळे, मधे स्वच्छ काळोख.
मी अंगठा चोळत राहिलो.

वहीत चौदा सेकंद लिहिलंय.
मग टक् झालं, कुठलातरी बझर सुटला,
आणि दोघं परत उकळीत गेले.

रात्री पाऊण वाजता मी हुपरीला फोन लावला.
अण्णा, वाजतंय.
पलीकडनं झोपेतलं "कोण?"
मागनं नाझनीन ओरडत होती,
मामा, फोन ठेवा, बॅटरी धरा इकडं,
बारावा सुटलाय की तेरावा
ते बघू दे.